सॅक पाठीवर, पूल पाण्याखाली: चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फिरताना नेमकं काय काय अडतं?

समजा, एखाद्यानं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भामरागड आणि हेमलकसा बघायचं ठरवलं. तिथून परत येऊन २ ऑक्टोबरला ताडोबाची सकाळची सफारी. बुकिंग झालं, पैसे भरले, ओळखपत्राचा नंबर टाकला. कागदावर सगळं जमून आलंय.

मग भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर येतो. पूल पाण्याखाली जातो, एसटी बंद होते, मोबाइलची रेंज जाते. दोन दिवसांनी पाणी ओसरतं आणि प्रवासी बाहेर पडतो, तोवर ताडोबाच्या गेटवरून त्याच्या नावाची जिप्सी निघून गेलेली असते.

या दोन जिल्ह्यांत फिरताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथंच आहे. परवानगी तारखेला बांधलेली असते आणि पाऊस तारीख पाळत नाही. त्यामुळे परवानगी कुठे लागते, कुठे लागत नाही आणि पाणी कुठे अडवतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आधी अंतरांचा अंदाज

गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग वनक्षेत्र. इथं प्रवासाचा हिशेब किलोमीटरपेक्षा तासांत करावा लागतो.

नागपूर ते चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर, रेल्वे आणि रस्ता दोन्ही चांगले. चंद्रपूर ते गडचिरोली ८० किलोमीटरच्या आसपास. गडचिरोलीहून आष्टीमार्गे आलापल्ली शंभर किलोमीटरच्या पुढे. आलापल्लीत रस्ता फुटतो. एक फाटा भामरागडकडे जातो, तो साठ-पासष्ट किलोमीटरचा. दुसरा सिरोंचाकडे, तो सुमारे शंभर किलोमीटरचा.

गडचिरोली जिल्ह्यात अनेक वर्षं एकच रेल्वे स्टेशन होतं, ते म्हणजे गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं वडसा. दक्षिण भागात फिरायचं तर सगळी भिस्त एसटीवर आणि काळीपिवळीवर. अहेरी आगारातून सुटणाऱ्या आतल्या गावांच्या गाड्या दिवसातून मोजक्याच असतात. एक चुकली की मुक्काम पडतो. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास इथं कामाचा आहे, पण रस्ता बंद झाला की पासचे दिवस मात्र चालूच राहतात.

जिल्ह्यात जायला परवाना लागतो का?

नाही. अरुणाचल प्रदेश किंवा नागालँडमध्ये लागतो तसा इनर लाइन परमिट इथं नाही. भारतीय नागरिक सार्वजनिक रस्त्यानं कुठल्याही गावाला जाऊ शकतो. रस्ता सोडून जंगलात पाऊल टाकलं की प्रश्न सुरू होतो, कारण जंगल बाहेरून एकसारखं दिसलं तरी कायद्याच्या नजरेत ते वेगवेगळ्या प्रकारचं असतं.

- अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. तिथं राहणाऱ्या किंवा जमिनीवर हक्क असलेल्या लोकांना आणि सार्वजनिक महामार्गानं जाणाऱ्या प्रवाशाला सूट आहे. कलम २८ नुसार पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास अशा कारणांसाठी परवाना मिळतो. चंद्रपूरमधलं ताडोबा-अंधारी आणि गडचिरोलीतली चपराळा व भामरागड अभयारण्यं यात येतात.
- राखीव जंगल: इथं वाघाची पाटी नसेल, गेट नसेल, तरी भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू असतं. परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं हा गुन्हा ठरू शकतो. 'नदीकाठी तंबू ठोकू, शेकोटी करू' हा बेत बहुतेक वेळा याच कलमात अडकतो. फेब्रुवारी ते जून या वणव्याच्या काळात तर वन विभाग याबाबत जास्तच कडक असतो.
- गावाचं सामूहिक वन: वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळालेत. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये असा हक्क मिळवणारं देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. अशा ठिकाणी वन विभागाइतकंच महत्त्व गावाच्या होकाराला आहे. गावात गेल्यावर आधी गावपाटलाला किंवा ग्रामसभेच्या अध्यक्षाला भेटणं ही तिथली रीत आहे.

पायी भटकंतीला सहसा नकार मिळतो, त्यामागे खरं कारण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फक्त कोअरमध्ये राहत नाहीत. बफर, ब्रह्मपुरीचा परिसर, शेताच्या कडेची झुडपं इथंही त्यांचा वावर आहे. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं दरवर्षी हल्ल्यात दगावतात. ज्यांना जंगलाची जन्मापासून ओळख आहे त्यांची ही गत, तर नवख्याला एकट्यानं सोडायला अधिकारी का कचरतात हे समजण्यासारखं आहे. जगातही हेच चित्र आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाच्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानातही २०१४ पासून प्रमाणित गाइडशिवाय प्रवेश मिळत नाही.

ताडोबाचं बुकिंग कुठे अडतं?

ताडोबा हे १९५५ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान. १९८६ चं अंधारी अभयारण्य त्याला जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर आणि बफर मिळून क्षेत्र १७२७ चौरस किलोमीटर. सॅक घेऊन एकट्यानं आलेल्या प्रवाशाला इथं चार ठिकाणी हमखास अडचण येते.

एक, गाडी पूर्ण घ्यावी लागते. जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि बुकिंग गाडीचं होतं. एकटा माणूस सहा जणांचा खर्च उचलतो, नाहीतर सोबती शोधतो. मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळच्या मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी विचारपूस केली तर कधीकधी जोडीदार मिळतात. पण नावं बुकिंगमध्ये असावी लागतात, ऐनवेळी कोणीही चढू शकत नाही.

दोन, ओळखपत्र. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. आधारचा नंबर टाकून लायसन्स दाखवलं की वाद होतो. परदेशी पाहुण्यासाठी मूळ पासपोर्ट, फोटोकॉपी नाही.

तीन, तारखा. कोअरची सफारी मंगळवारी बंद असते. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर पावसाळ्यासाठी बंद राहतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. पावसाळ्यात बफरची काही गेट सुरू असतात, पण चिखल वाढला की तीही ऐनवेळी बंद होऊ शकतात.

चार, साइट नेमकी कोणती? ऑगस्ट २०२३ मध्ये ताडोबाचं ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या खासगी कंपनीच्या भागीदारांवर सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. त्यानंतर बुकिंगची व्यवस्था बदलली. त्यामुळे जुन्या व्हिडिओत किंवा पोस्टमध्ये दिलेल्या लिंकवर पैसे भरू नयेत. वन विभागाच्या अधिकृत साइटवरूनच बुकिंग करावं आणि रद्द करण्याचे नियम पैसे भरण्याआधी वाचावेत. 'पुरात अडकलो होतो' हे कारण दिल्यानं पैसे परत मिळतीलच असं नाही.

मुक्काम: विश्रामगृहाचा खोळंबा

गडचिरोलीच्या दक्षिण भागात हॉटेलं मोजकी. त्यामुळे अनेकांची नजर वन विभागाच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहांवर जाते. ही घरं मुळात दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी आहेत. सर्वसामान्य माणसाला खोली मिळते, पण उपलब्ध असेल तर. त्यासाठी संबंधित कार्यालयाकडे, म्हणजे वन विभागाच्या बाबतीत सहसा उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाकडे, आधी अर्ज करावा लागतो.

अडचण अशी की आरक्षण मिळाल्यावरही सरकारी दौरा आला तर खोली सोडावी लागू शकते. आणि पूर आला की दौरे वाढतात. महसूल, बांधकाम, आरोग्य अशी सगळी खाती त्याच खोल्यांत उतरतात. म्हणजे प्रवाशाला मुक्कामाची सर्वांत जास्त गरज ज्या दिवशी असते, नेमक्या त्याच दिवशी विश्रामगृह भरलेलं असतं. म्हणून आलापल्ली, अहेरी किंवा गडचिरोलीत एखादं लॉज आधी विचारून ठेवावं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प हे १९७३ पासून चालणारं दवाखान्याचं आणि शाळेचं काम आहे. तिथं राहायचं असेल तर आधी संपर्क साधावा.

परदेशी पाहुणा सोबत असेल तर?

परदेशी नागरिकाला खोली देणाऱ्यानं त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायची असते. 'फॉर्म सी' या नावानं ती ओळखली जाते. हॉटेल, लॉज, होमस्टे आणि घरी पाहुणा ठेवणारं कुटुंब या सगळ्यांना ते लागू आहे. ही जबाबदारी खोली देणाऱ्याची असली तरी त्रास प्रवाशाला होतो. लहान गावातल्या लॉजमालकाला नोंदणीची माहिती नसते, मग तो सरळ 'खोली नाही' म्हणतो. अशा वेळी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षाकडून माहिती घेता येते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जंगलात रेंज नसते म्हणून अनेक परदेशी ट्रेकर सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण बाळगतात. बऱ्याच देशांत ते चालतं. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर अशी उपकरणं जप्त होऊन प्रवाशांवर गुन्हे दाखल झाल्याच्या घटना घडल्या आहेत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ते सापडलं तर चौकशी आणखी लांबते. ड्रोनचंही तसंच. वन विभाग आणि पोलीस, दोघांच्या परवानगीशिवाय तो बॅगेतून बाहेर काढू नये.

पोलीस थांबवतात, म्हणजे काय झालं?

गडचिरोलीत रस्त्यावर अनेक ठिकाणी पोलीस मदत केंद्रं आहेत. तिथं ओळखपत्र बघितलं जातं आणि कुठून आलात, कुठे जाणार, कोणाकडे उतरणार, एवढं विचारलं जातं. चार दशकांच्या नक्षलवादी हिंसाचारातून आलेली ही पद्धत आहे. सरळ उत्तर दिलं की बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. मदत केंद्राचे, जवानांचे, वाहनांचे फोटो काढू नयेत.

परिस्थिती बदलली आहे, हेही खरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केलं. त्याआधीची अनेक वर्षं २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर या माओवाद्यांच्या सप्ताहांत आतल्या भागातल्या एसटी फेऱ्या बंद ठेवल्या जात. आजही छत्तीसगड सीमेकडे जाण्याआधी जवळच्या ठाण्यात चौकशी करून घेणं शहाणपणाचं. त्याचा दुसरा उपयोगही आहे. पूर आला तर अमुक माणूस अमुक दिशेला गेलाय, हे कोणाला तरी माहीत राहतं.

ऊन पडलंय, तरी पूर कसा?

बाहेरच्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथं होते. तो आकाशाकडे बघतो. या भागात पूर ठरवणारं पाणी बऱ्याचदा दुसरीकडे पडलेलं असतं.

- वैनगंगा: नदी मध्य प्रदेशातून येते. भंडारा जिल्ह्यात तिच्यावर ३३ दरवाजांचं गोसीखुर्द धरण आहे. वर मोठा पाऊस झाला की विसर्ग वाढतो आणि ते पाणी काही तासांनी ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोलीकडे पोहोचतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी असाच मोठा पूर आला होता.
- भामरागड: इथं इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. इंद्रावती छत्तीसगडमधून फुगून आली की पर्लकोटाचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबतं. त्यामुळे ठेंगणा जुना पूल बुडतो आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडला अनेकदा पुराचा वेढा पडला. उंच पुलाचं काम नंतर हाती घेण्यात आलं.
- सिरोंचा: इथं प्राणहिता गोदावरीला मिळते. जवळच २०१९ मध्ये सुरू झालेलं तेलंगणाचं मेडीगड्डा बॅरेज आहे. वरच्या बाजूला फुगवटा, खालच्या बाजूला विसर्ग. जुलै २०२२ मध्ये या तालुक्यातल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली.

म्हणून 'आज पाऊस नाही' एवढ्यावर निघू नये. गोसीखुर्दचा विसर्ग किती, पर्लकोटाची पातळी काय, कोणते मार्ग बंद आहेत, हे जिल्हा माहिती कार्यालय आणि आपत्ती व्यवस्थापन विभाग पावसाळ्यात नियमित कळवतात.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशाराही नीट वाचावा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'मुसळधार', ११५.६ च्या पुढे 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. ऑरेंज आला की आलापल्लीच्या पुढे जाऊ नये, हा नवख्यासाठी सोपा नियम.

पुलावरून पाणी असेल तर थांबायचं

जुलै २०२२ च्या पुरात आलापल्ली-भामरागड रस्त्यावर पेरमिलीजवळच्या नाल्यात एक ट्रक वाहून गेला आणि त्यातल्या माणसांचा जीव गेला. ट्रकचं वजन पाहता हे खोटं वाटेल, पण वाहत्या पाण्याचं गणित वेगळं असतं. जोरात वाहणारं अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. एक फूट पाणी छोट्या कारला वाहून नेऊ शकतं. दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना पुरेसं असतं. त्यात पाणी गढूळ असल्यानं खालचा रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे दिसत नाही.

पलीकडून कोणी बाइक काढली म्हणून आपणही काढायची नाही. पोलिसांनी बॅरिकेड लावलं असेल तर वाद घालायचा नाही. परत फिरायचं, लॉज गाठायचं. नाल्याचं पाणी बऱ्याचदा काही तासांत उतरतं, नदीचं उतरायला दिवस लागतात.

आणि उन्हाळा?

पाऊस टाळायचा म्हणून मे महिना निवडला तर दुसरी परीक्षा असते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत मोडतात. पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं, आणि २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपुरात तो ४८ अंशांच्या घरात गेला होता. वाघ पाणवठ्यावर दिसतात म्हणून याच काळात सफारीला गर्दी असते. पण सॅक घेऊन भर दुपारी बसथांब्यावर दोन तास उभं राहणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. मार्च ते मे दरम्यान अवकाळी वादळ आणि विजाही येतात. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप उपयोगी आहे, अर्थात रेंज असेल तोवर.

फिरण्यासाठी चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रस्ते कोरडे, नद्या शांत, रात्री थंडी.

परतल्यावर ताप आला तर

महाराष्ट्रात मलेरियाचे जास्त रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली मोडतो आणि त्यात फॅल्सिपेरम या धोकादायक प्रकाराचं प्रमाण मोठं असतं. लक्षणं डास चावल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. तोवर प्रवासी पुण्या-मुंबईत परतलेला असतो आणि डॉक्टर साधा व्हायरल ताप समजू शकतात. म्हणून 'गडचिरोलीला जाऊन आलोय' हे स्वतःहून सांगावं आणि त्याच दिवशी रक्त तपासावं. जाताना मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डासांचं मलम हवंच.

निघण्याआधीची यादी

- आधी गडचिरोली, मग ताडोबा असा क्रम असेल तर मध्ये किमान दोन मोकळे दिवस. शक्य असेल तर क्रम उलटा करावा, म्हणजे बुकिंगची तारीख आधी पार पडते.
- मूळ ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. बुकिंगची प्रिंट कागदावर, कारण गेटवर रेंजचा भरवसा नाही.
- रोख रक्कम. एटीएम तालुक्याच्या ठिकाणी मिळतं, पण वीज आणि नेटवर्क गेलं की तेही बंद आणि यूपीआयही बंद.
- ऑफलाइन नकाशा, पॉवर बँक, टॉर्च, दोन दिवस पुरेल इतका कोरडा खाऊ, ओआरएस, नेहमीची औषधं.
- घरी किंवा मित्राकडे लिहून ठेवलेला मार्ग: कोणत्या दिवशी कुठे, आणि संपर्क झाला नाही तर किती दिवसांनी काळजी करायची.
- नंबर: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

शेवटचा मुद्दा

पुरात अडकलेल्या पर्यटकाला काढायला जी बोट जाते, ती वेगळी नसते. त्याच बोटीनं बाळंतपणासाठी निघालेल्या बाईला पलीकडे न्यायचं असतं, साप चावलेल्या मुलाला दवाखाना गाठायचा असतो, वेढ्यातल्या गावाला धान्य पोहोचवायचं असतं. भामरागडच्या पलीकडच्या गावांसाठी पूल बुडणं हा दरवर्षीचा पावसाळा आहे. तिथली माणसं पावसाआधीच तांदूळ, मीठ, औषधं भरून ठेवतात आणि पाणी ओसरायची वाट बघतात.

दोन दिवस उशीर झाला तर प्रवाशाची एक सफारी बुडते. तेवढी बुडाली तर चालतं, एवढं मनाशी ठरवून निघालेल्याचा प्रवास या जंगलात सहसा सुखाचा होतो.